चोर दोन, खुराडं एक

«काकू, नमस्कार. आम्ही लांजा तालुक्यात राहतो. यजमानांची मुंबईची नोकरी सुटल्यावर गेल्या वर्षी गावी आलो आणि ११ कोंबड्या घेतल्या, ७ गावठी आणि ४ गिरिराज. यजमानांनी लोखंडी अँगल आणि कोंबडीजाळी आणून परसात फणसाखाली खुराडं उभं केलं, वर जुनी कौलं घातली. श्रावणात पाऊस फार म्हणून एक दिवस सगळ्या कोंडून ठेवल्या होत्या. दुपारी जेवायला घरी आले तर तीन आतच मरून पडलेल्या, मानेवर दातांच्या खुणा, पण खाल्लेली एकही नाही. पंधरा दिवसांनी रात्रीतून एक तलंग गेली. एक कौल सरकलेलं आणि खाली मूठभर पिसं. यजमान म्हणतात फासकी लावतो. दीर म्हणतात खुराड्यापाशी कुत्रा बांधा. सासूबाई म्हणतात, ‘आमच्या वेळी डालग्याखाली कोंबड्या असायच्या, एक जायची नाही.’ सात उरल्यात. दुसरी जाळी आणू की विकून मोकळी होऊ?»

ताई, विकू नका. निदान दिवाळीपर्यंत तरी थांबा.

तुमच्या घरात चार माणसांची चार मतं आहेत, कारण सगळ्यांनी चोर एकच धरला आहे. मला पत्रात दोन दिसतात. दुपारी आलं ते मुंगूस आणि रात्री आला तो कांडेचोर. एक उजेडात जमिनीवरून येतो, दुसरा अंधारात झाडावरून.

मुंगूस मानेला धरतं, आणि एकावर थांबत नाही. लोक म्हणतात ते नुसतं रक्त पितं आणि कोंबडी टाकून जातं. तसं काही नाही. रानात एक पक्षी हाती लागला की बाकीचे भुर्रकन उडून जातात आणि शिकार तिथेच संपते. खुराड्यात उडायला वाव नाही. समोर फडफड चालूच, म्हणून त्याचं मारणंही चालूच. खायला ते निवांत बसणार होतं, तेवढ्यात तुमच्या जेवणाची वेळ झाली.

कांडेचोर म्हणजे उदमांजर. मूळचा फळांवर जगणारा, पण कोंबडी मिळाली तर सोडत नाही. झाडावर आणि घराच्या माळ्यावर त्याचा मुक्काम. तुम्ही खुराडं फणसाखाली बांधलंत, म्हणजे त्याला फांदीवरून थेट कौलावर उतरायची सोय झाली. नुसतं अंथरलेलं मंगलोरी कौल त्याला सहज सरकवता येतं. एक पक्षी उचलायचा आणि निघून जायचं, ही त्याची रीत.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा. चुलीची राख चाळून घ्या आणि पाऊस नसेल त्या संध्याकाळी खुराड्याभोवती हातभर रुंदीचा पट्टा पसरा, कौलावर चढायच्या जागीही थोडी टाका. सकाळी कोंबड्या सोडण्याआधी जाऊन बघा. चार बोटं आणि नखं उमटलेली नसतील तर मांजराचं कुळ, घरातलं किंवा रानातलं बाऊल. चार बोटं आणि पुढे नखांचे टिपके असतील तर कुत्रा किंवा कोल्हा. पाच बोटं असतील तर मुंगूस किंवा कांडेचोर. दिवसा उमटली की मुंगूस, रात्री उमटली की दुसरा. नागमोडी ओढलेली रेघ दिसली तर त्यात ओळखण्यासारखं काही उरत नाही. तीन-चार दिवस हे केलंत तर कुठल्या बाजूने ये-जा आहे तेही कळेल, आणि बांधताना ते फार उपयोगी पडतं.

आता जाळीचं. दुकानात ‘कोंबडीजाळी’ म्हणून मिळते ती षटकोनी डोळ्यांची, बारीक तार पिळून केलेली. पिल्लांचा वाफा वेगळा करायला ती चांगली. पण तार बारीक, कुत्र्याने दात लावून दोनदा ओढलं तर हात जाईल एवढं भगदाड. शिवाय आपल्या खाऱ्या दमट हवेत दोन पावसाळ्यांत ती गंजून कुरकुरीत होते. तुम्हाला हवी वेल्डमेश, जोडावर डाग देऊन केलेली चौकोनी जाळी, अर्धा इंच डोळ्याची, जस्त चढवलेली. तार १९ गेजची किंवा त्याहून जाड मागा. गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड, हे लक्षात ठेवा, नाहीतर दुकानदार ‘२२ नंबर आहे, भारी आहे’ म्हणून बारीक तार गळ्यात मारेल.

एक इंच डोळ्याची स्वस्त पडते, ती का नको, असं यजमान विचारतील. त्याला उत्तर माझ्याच अंगणातलं आहे. माझं पहिलं खुराडं मी इंचाच्या जाळीचं केलं होतं. एकदा पहाटे अंड्यांसाठी पेटीत हात घातला, तर गवताऐवजी काहीतरी थंड, गुळगुळीत, आणि हळूच सरकलेलं. हात कसा बाहेर आला मला आजही आठवत नाही. कंदील आणून बघितलं तर धामण. आत येताना सडपातळ होती, आत आल्यावर चार अंडी गिळली आणि पोटाला चार गाठी आल्या. त्या गाठींसकट जाळीतून बाहेर निघता येईना, म्हणून बिचारी अर्धी आत, अर्धी बाहेर अडकून बसलेली. धामण बिनविषारी, म्हणून हे आज हसत सांगते. अंडी-पिल्लांच्या वासाने नागही येतो आणि उंदरांच्या मागे घोणसही येते. त्या दिवसापासून अर्धा इंच, आणि बॅटरी मारल्याशिवाय पेटीत हात नाही. हा दुसरा नियम तुमच्या घरातल्या पोरांनाही लावा.

जाळी मात्र सगळीकडे नको. चिऱ्याच्या मुलखात राहून नुसत्या जाळीचा पिंजरा बांधायचा म्हणजे विहीर असून टँकर मागवण्यासारखं आहे. सात कोंबड्या आहेत, वाढून दहा होतील असं धरा. सहा फूट लांब, चार फूट रुंद, पाच फूट उंच एवढं रात्रीपुरतं पुरे. पश्चिम आणि दक्षिण या दोन भिंती वरपर्यंत चिऱ्याच्या करा, कारण पाऊस तिकडूनच झोडपतो. पूर्व आणि उत्तर बाजूंना चिऱ्याचे दोन थर, त्यावर जाळी. दरजा सिमेंटने भरून घ्या. कोरड्या रचलेल्या गडग्यात मुंगूस, विंचू, साप सगळेच राहतात, तसल्याच फटी खुराड्याला ठेवून काय उपयोग? खाली कोबा, निदान तीन इंच जाड. नुसत्या सारवलेल्या जमिनीतून घूस एका रात्रीत बोगदा काढते आणि मग त्याच बोगद्याने बाकीची मंडळी येतात. कोबा परवडत नसेल तर तीच जाळी जमिनीवर अंथरून वर माती चोपा आणि भिंतीबाहेर दीड फूटभर आडवी पसरून पुरा. उकरणारा प्राणी भिंतीच्या अगदी पायाशी उकरतो. तिथे तार लागली की दीड फूट मागे जाऊन सुरुवात करावी हे त्याला सुचत नाही.

आणि छप्पर! कौलं राहू देत, गारवा राहतो. पण कौलांखाली, रिपांवर, संपूर्ण जाळी ठोका. कांडेचोराने कौल सरकवलं तरी खाली जाळी लागली पाहिजे. आपल्याकडे लोक चार बाजूंवर सगळा पैसा घालतात आणि वरचं मोकळं सोडतात, आणि रात्रीच्या चोराची खरी वाट तर वरूनच असते. छप्पर, पूर्व बाजू आणि उत्तर बाजू मिळून साधारण ८० चौरस फूट जाळी लागेल, कापाकापी धरून. जाळी लाकडाला नुसत्या यू-खिळ्यांनी लावू नका. कडेवर लाकडी रीप ठेवून, रिपेतून स्क्रू मारून ती दाबून बसवा. खिळे ओढून निघतात.

बांधून झालं की यजमानांना एक सुपारी आणि एक कागदी लिंबू देऊन खुराड्याभोवती फिरायला सांगा. दाराच्या कडा, कौल आणि भिंत मिळते ती जागा, पाणी जायचं भोक, जिथे म्हणून फट दिसेल तिथे ही दोन्ही घालून बघायची. लिंबू आत गेलं तिथून मुंगूस गेलं असं समजा. सुपारी गेली तिथून साप आणि उंदीर. आमच्याकडे ही तपासणी दर वर्षी मृगाच्या आधी होते, आणि दर वर्षी एखादी तरी नवी फट सापडते. लाकूड फुगतं, सुकतं, वाळवी लागते, चिरा झिजतो.

दाराला साधी सरकती कडी पुरेशी नाही. इंटरनेटवरच्या अमेरिकेतल्या व्हिडिओंत रकून नावाचा प्राणी हाताने कड्या उघडताना दिसतो आणि लोक विचारतात, आपल्याकडे असलं काही नाही ना? रकून नाही, पण माकडं आहेत, आणि अंड्यांची चव त्यांना ठाऊक आहे. कडी-कोयंडा लावा आणि कोयंड्यात एक हूक अडकवा, जो दाबल्याशिवाय सुटत नाही. दार बाहेर उघडणारं आणि उंबऱ्याला टेकणारं हवं. खाली फट राहिली तर सगळी चिरेबंदी फुकट.

जागा बदला हे सांगायला हवंच. फणसापासून दूर, गडग्यापासून आणि लाकडाच्या रचीपासून निदान दहा-बारा फूट लांब, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल असं. रात्री कोंबड्या कलकलल्या तर ऐकू आलं पाहिजे. परसाच्या टोकाला, वास नको म्हणून, केलेलं खुराडं हे चोरांना आंदण.

आत दोन इंची गोल काठीची माच ठेवा, जाळीपासून निदान फूटभर आत. काठी जाळीला चिकटून असेल तर रात्री बाहेरून पंजा येतो आणि जाळी शाबूत असूनही सकाळी कोंबडीला डोकं नसतं. तुमच्या गिरिराज जड आहेत, त्यांची काठी दीड फुटावर, गावठीची वर. गावठी कोंबडी प्रसंगी झाडावर उडते, गिरिराजला ते जमत नाही, म्हणून पुढच्या खेपेला पक्षी घेताना विचार करा. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने काढलेल्या वनराजा जातीच्या पायांच्या नळ्या लांब असतात, पळायला तो बरा. तरी परसात मोकळं सोडायचं तर माझं मत गावठीलाच. घारीची सावली पडली की पिल्लं पोटाखाली घेणारी आई विकत आणता येत नाही.

एक ताकीद मात्र देते. मुंगसाच्या धास्तीने सगळ्या बाजूंनी गोणपाट आणि प्लास्टिक बांधू नका. पावसाळ्यात खालचं तूस भिजतं, विष्ठेचा उग्र वास डोळ्यांत झोंबायला लागतो आणि पक्षी घरघरू लागतात, हगवण लागते. तूस रोज हलवा, भिजलेलं काढा, उत्तर-पूर्वेची जाळी उघडीच ठेवा. आणि पक्षी अंगावर कसलीही खूण नसताना एकामागोमाग मरू लागले, माना वाकड्या झाल्या, तर ते मुंगूस नव्हे, मानमोडी असू शकते. मग जाळी तपासत बसू नका, पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

एवढं सगळं झालं रात्रीचं. दिवसाचं कठीण आहे, आणि खरं सांगायचं तर पूर्ण बंदोबस्त होत नाही. कोंबड्या परसात हिंडायला हव्यात, आणि परसात मुंगूस असणारच. निम्मं काम वेळेने होतं. बहुतेक कोंबड्या सकाळीच अंडी घालतात, म्हणून दहानंतर सोडा. अंडी खुराड्यातच मिळतील आणि तोवर घरातली माणसंही बाहेर वावरू लागलेली असतील. घरी कुणीच नसेल त्या दिवशी सोडू नका. पण मग कोंडलेल्या कोंबड्यांना पक्कं खुराडं हवं, नाहीतर श्रावणातलीच गत. परसातलं वाढलेलं रान खुराड्याभोवती तरी काढून टाका. मुंगूस उघड्यावरून यायला कचरतं. दाणे सांडू देऊ नका, पोतं झाकणाच्या डब्यात ठेवा. सांडलेल्या दाण्याला उंदीर आणि उंदराला साप. मेलेली कोंबडी गडग्यापलीकडे भिरकावू नका, खोल पुरा.

आता फासकी. यजमानांना माझ्या नावाने सांगा, अजिबात नाही. मुंगूस, उदमांजर, घोरपड, अजगर हे सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, आणि फासकी लावणं हा गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी कोण आलं ते फासकी ओळखत नाही. रानडुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकल्याच्या बातम्या आपल्या कोकणातून किती वेळा येतात! परसात अडकलेला जिवंत बिबट्या कोण सोडवणार? अंड्यात विष घालून ठेवणारेही आहेत. ते अंडं आधी शेजारचं मांजर खातं, मग कावळे, मग तुमचाच कुत्रा. शिवाय एक मुंगूस मारलं तर त्याच्या मोकळ्या हद्दीत दुसरं येतं. तेच मुंगूस तुमच्या घूशी आणि साप कमी करतं, ही मजुरी तुम्ही आत्ता फुकट घेताय. एखादा प्राणी खुराड्यात अडकलाच तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. लाठ्या घेऊन भोवती जमू नका.

कुत्र्याबद्दल दिरांचं निम्मं बरोबर आहे. मोकळा, घरात वाढलेला, कोंबड्यांची सवय असलेला कुत्रा मुंगसाला फिरकू देत नाही. रात्री साखळीने बांधलेला कुत्रा मात्र बिबट्याच्या मुलखात राखणदार नसतो, आमिष असतो. अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेवरून ते काय खातात याचा अभ्यास झाला, तेव्हा सगळ्यांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. तुमच्या वाडीत बिबट्या फिरत असेल तर कुत्रा रात्री पडवीच्या आत, अंगणात दिवा, आणि खुराड्याकडे आवाज झाला तरी एकट्याने बाहेर जायचं नाही. कोंबडी गेली तर गेली.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांचं खरंही आहे आणि नाहीही. ‘एक जायची नाही’ हे जरा जास्त झालं, त्यांच्याही जात असणार. पण त्यांच्या वेळी सांजवात झाली की कुणीतरी कोंबड्या मोजायचं, डालग्याखाली किंवा गुड्यात घालायचं, आणि ते डालगं पडवीत, माणसांच्या उशाशी असायचं. राखण डालग्यापेक्षा त्या मोजण्याची जास्त होती. कोंबड्या तिन्हीसांजेला आपसूक आत जातात, हे खरं. पण दार कुणी लावायचं हे घरात ठरलेलं नसेल तर वेल्डमेश काय आणि चिरा काय. पावसाळ्यात ढगांमुळे अंधार लवकर पडतो, तेव्हा घड्याळाकडे न बघता कोंबड्यांकडे बघून दार लावायचं. हे काम एकाच माणसाकडे द्या. ‘मला वाटलं तू लावलंस’ या एका वाक्यात माझ्या घरच्या दोन तलंगा गेल्या आहेत.

आणि सासूबाईंना हे काम आवडेल, असं पत्र वाचून मला उगाच वाटतं आहे. त्यांचं जुनं डालगं माळ्यावर असेल तर उतरवून घ्या. खुडूक कोंबडी बसली की पिल्लांना पहिला महिना त्याच डालग्याची गरज पडेल, दिवसा घार, शिक्रा आणि कावळ्यासाठी. वरती चिऱ्याचा तुकडा ठेवायला विसरू नका, नाहीतर वाऱ्याने किंवा कुत्र्याने ते उलटतं. वीण सैल झाली असेल तर आधी दुरुस्त करून घ्या. मुंगूस फटीतून पिल्लाचा पाय ओढतं. रात्री डालगं पिल्लांसकट घरात.

खुराड्याचं काम पाऊस उघडल्यावरच काढा, कोबा सुकायला कोरडे दिवस हवेत. तोवर सातही जणी रात्री पडवीत.